संत तेरेजाचे आजोबा : कॅप्टन मार्टिन

बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्याकडे कितीतरी घरांच्या भिंतींवर दिसते. तिचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. तेव्हापासून त्यांचाही परिचय आपल्या समाजास होऊ लागला आहे. या घराण्याची आणखी एक पिढी मागे गेल्यास मात्र तेथे एक निवृत्त सैनिक भेटतो. तेरेजाचे हे आजोबा, कॅप्टन पिएर-फ्रांस्वा मार्टिन, कोणत्याही वेदीवर विराजमान नाहीत. तरीही या घरातील श्रद्धेचा इतिहास सांगावयाचा, तर त्याचा आरंभ त्यांच्यापासूनच करावा, असे आम्हांस वाटते.

पिएर-फ्रांस्वा यांचा जन्म १७७७ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात झाला. ते बारा वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. पुढे चर्चमंदिरे बंद पडली, कित्येक धर्मगुरूंना देशोधडीस लागावे लागले. ज्या वयात मुलाने परमप्रसादाची गोडी घ्यावी, त्या वयात त्यांनी हा विध्वंस पाहिला. १७९९ साली ते सैन्यात दाखल झाले आणि नेपोलियनच्या मोहिमांत प्रशिया-पोलंडपर्यंत गेले. त्या सैन्यात शौर्याला मान होता. भक्तीला मात्र बहुधा उपहासच वाट्यास येई. असे असूनही मिस्साबलिदानात पवित्रीकरणानंतर हा अधिकारी इतरांपेक्षा अधिक वेळ गुडघ्यांवर राही. सैनिकांना याचे नवल वाटते, हे कानी आल्यावर, आपली त्यावर श्रद्धा आहे एवढेच त्यांना सांगा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे या कुटुंबाच्या चरित्रांतून नमूद आहे.

१८१८ साली लियों येथे त्यांचा विवाह झाला. वर चाळिशीचा, तर वधू फॅनी बूरो ही अवघ्या अठरा वर्षांची. तीही एका कॅप्टनचीच कन्या, त्यामुळे छावणीचे जीवन तिला नवे नव्हते. त्यांना पाच अपत्ये झाली. पलटण हलली की घरही हले. २२ ऑगस्ट १८२३ रोजी बोर्दो येथे लुईचा जन्म झाला, तेव्हा वडील स्पेनच्या मोहिमेवर होते. ज्याच्या हातून पुढे एक संत घडावयाचा, तो पिता बाळाच्या जन्मप्रसंगी घरी नव्हता! सैनिकाच्या संसाराची ही नित्याची किंमत होय.

१८३० साली कॅप्टन मार्टिन सेवानिवृत्त झाले आणि मुलांच्या शिक्षणाचा विचार करून पुढील वर्षी नॉर्मंडीतील आलाँसाँ या गावी स्थायिक झाले. रणांगणावर जे भोगावे लागले नव्हते, ते त्यांना येथे भोगावे लागले. थोरला मुलगा समुद्रात बुडून गेला. धाकटी मुलगी नऊ वर्षांची असताना दगावली आणि तिच्या दोघी बहिणीही तरुणपणीच निवर्तल्या. पाचांपैकी वृद्ध मातापित्यांच्या आधारास लुई तेवढा उरला.

या लुईने तलवार हाती धरली नाही. त्याने घड्याळे दुरुस्त करण्याचे कसब आत्मसात केले. १८४५ साली आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड मठात प्रवेश मागितला. परंतु लॅटिन भाषेच्या अभावी त्यास परत यावे लागले. १८५० साली त्याने आलाँसाँ येथे घर घेऊन दुकान थाटले आणि आईवडिलांस आपल्याजवळ आणले. १३ जुलै १८५८ रोजी याच घरात झेली सून म्हणून आली.

झेलीचे वडील इझिदोर गेरँ हेही सैनिकच. १८०९ सालच्या वाग्रामच्या लढाईत ते होते. त्यानंतर त्यांनी पोलीसदलात सेवा केली. त्यांचे घर प्रामाणिक होते, धर्मशील होते. पण झेलीचे बालपण आनंदात गेले नाही. आईचा स्वभाव कडक होता, खेळावयास एक बाहुलीही कधी मिळाली नाही. घरात शिस्त आणि प्रार्थना असली म्हणजे माया आपोआप येते असे नव्हे, हे या मुलीने लहानपणीच अनुभवले होते. म्हणून सासऱ्यांविषयी तिने जे लिहून ठेवले, त्याचे मोल आम्हांस विशेष वाटते.

२६ जून १८६५ रोजी कॅप्टन मार्टिन वयाच्या ८८ व्या वर्षी प्रभूघरी गेले. त्या वेळी घरात चार नाती होत्या. दुसऱ्याच दिवशी झेलीने आपल्या भावास पत्र लिहिले. सासऱ्यांनी संतासारखा देह ठेवला, जसे जगले तसेच गेले, असे ती सांगते. आणि त्यांच्या मृत्यूचा आपणास इतका आघात होईल असे वाटले नव्हते, अशी कबुलीही देते. त्यांना लष्कराकडून संत लुई यांच्या नावाचे मानचिन्ह लाभले होते. ते शौर्याची साक्ष देते. परंतु सात वर्षे एका छपराखाली राहिलेल्या सुनेचे अश्रू माणसाची साक्ष देतात. आमच्या मते दुसरी साक्ष मिळवणे अधिक कठीण आहे.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ चा. तिने आजोबांना पाहिले नाही. मात्र प्रार्थना कशी करावी हे वडिलांकडे पाहूनच उमगे, असा भाव तिने आत्मचरित्रात व्यक्त केला आहे. त्या वडिलांनी गुडघे टेकण्याचा धडा कोणाकडे पाहून गिरवला असेल, हे सांगावयास नको. छावणीतल्या चर्चमध्ये गुडघ्यांवर राहिलेल्या त्या सैनिकाची नात कार्मेल मठाबाहेर न पडताही १९२७ साली मिशनकार्याची आश्रयदात्री ठरली, तीही गोव्यात ज्यांचे पार्थिव विसावले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने.

आपल्याही धर्मग्रामांत सैन्यातून निवृत्त होऊन आलेले वडीलधारे आहेत. त्यांची पदके काचेच्या कपाटात सुरक्षित असतात. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चच्या दप्तरात होते. पण रजेवर आल्यावर ते मुलांशी कसे वागत, सायंप्रार्थनेस कोठे बसत, घरात आलेल्या सुनेला त्यांनी मुलगी मानले की नाही, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती घरच्या माणसांच्या आठवणीत असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. झेलीने ते पत्र त्या दिवशी लिहिले नसते, तर कॅप्टन मार्टिन आपणास केवळ एक हुद्दा म्हणून ठाऊक राहिले असते. ज्या घरांत अशी माणसे होऊन गेली, त्या घरांतील लेकीसुनांनी आठवते तेवढे तरी कागदावर उतरवावे, अशी आमची विनंती आहे.