शिशाची गोळी आणि चांदबीबीची गोष्ट

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला चांदबीबीची एक गोष्ट कुणी मुद्दाम सांगावी लागत नाही. मोगलांचा वेढा पडला, किल्ल्यातल्या गोळ्या संपल्या. तेव्हा तिने तांब्याची नाणी तोफांत भरली. ती सरली तेव्हा रुप्याची, मग सोन्याची. शेवटी जवाहीर उडवायची वेळ आली, तेव्हा कुठे ती तहाला राजी झाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या भारताच्या इतिहासात ही कथा नोंदवली आहे, पण दख्खनमधली एक लोकप्रिय गोष्ट म्हणून. म्हणजे वेढ्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी ती लोकांच्या तोंडी होती. शाळेत आम्ही ती इतिहास म्हणूनच ऐकली.

ही गोष्ट खरी की खोटी, असा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. मला त्याआधीचा एक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गोष्टीत माणसे संपत नाहीत, तोफा संपत नाहीत, दारूही संपत नाही. संपते ती गोळी. असे का? या प्रश्नाचा माग काढत गेले की चांदबीबीच्या शौर्याइतकीच महत्त्वाची, पण इतिहासाच्या पुस्तकांत फारशी न येणारी एक वस्तू समोर येते. ती म्हणजे शिसे.

आधी तोफ आणि बंदूक यांतला फरक ध्यानात घेऊ. मोठ्या तोफेला दगडाचा घडीव गोळा चाले, लोखंडाचा चाले. दख्खनमध्ये दगडाला तोटा नाही आणि लोखंड गाळणाऱ्या, ठोकणाऱ्या कारागिरांनाही नव्हता. तोड्याच्या बंदुकीचे तसे नव्हते. तिची नळी अरुंद आणि लांब. तिला लहान, गोल आणि आकाराच्या मानाने जड गोळी लागे. लोखंडाची एवढी लहान गोळी एकेक ठोकून गोल करणे वेळखाऊ, आणि ती नळीला आतून घासणार. शिसे मात्र ३२७ अंश सेल्सियसला वितळते. घरच्या शेगडीवर, साध्या लोखंडी पळीत ते पातळ होते. सांडशीसारख्या दोन पाकळ्यांच्या साच्यात ओतले की काही क्षणांत गोळी तयार. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, म्हणून पहिल्या काही गोळ्या पुन्हा पळीत टाकायच्या. ओतताना राहिलेली मान कापायची, कड घासायची आणि गोळी पिशवीत टाकायची.

या कामाला कारखाना लागत नसे. त्या काळी बंदुकांच्या नळ्या हातघडणीच्या, त्यामुळे एका बंदुकीचे तोंड दुसरीशी जुळेलच असे नाही. ज्याची बंदूक त्याचा साचा. बंदूकची स्वतःची गोळी स्वतः ओती, दारू शिंगातून मापून नळीत सोडी, वरून गोळी गजाने ठासे, रंजक भरी आणि तोड्याने बत्ती देई. दारू किती आणि गोळी किती घट्ट, याचा हिशेब त्याच्या हाताला ठाऊक असे. कमी पडली तर गोळी वाटेत पडे, जास्त झाली तर नळी फाटे. ‘ठासून भरणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार ऐकला की मला तो गज आठवतो.

सगळे हातचे होते, एक गोष्ट सोडून. शिसे हातचे नव्हते. आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या बेसॉल्टवर उभा आहे. या लाव्हाच्या थरांत बांधकामाला उत्तम दगड मिळतो, शिशाच्या खाणी मिळत नाहीत. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला शिसे आणि जस्त यांच्या प्राचीन खाणी आहेत. बाकी शिसे समुद्रावरून येई. ही गरज बंदुकीच्याही फार आधीची. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांचा उल्लेख आहे. रोमन लेखक प्लिनी तर लिहितो की भारताजवळ तांबे नाही आणि शिसेही नाही; रत्ने आणि मोती देऊन तो ते मिळवतो. जावरच्या खाणी पाहता त्याचे विधान शब्दशः खरे नाही, पण व्यापाराची दिशा त्यात अचूक पकडली आहे. सातवाहनांनी याच दख्खनमध्ये शिशाची नाणी पाडली. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळात या प्रवरेकाठच्या गावापर्यंत रोमन व्यापाराचे धागे पोचले होते हे दिसून आले. तेव्हा शिसे हे नाणे होते. दीड हजार वर्षांनी नाण्याने शिशाची जागा घ्यावी, अशी वेळ त्याच जिल्ह्यावर आल्याचे गोष्ट सांगते.

निजामशाहीला धातूचे काम नवखे नव्हते. १४९० साली अहमद निजामशहाने स्थापलेल्या या शहरात साठ वर्षांच्या आत जगातल्या मोठ्या तोफांपैकी एक ओतली गेली. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान मूळची नगरची. तिच्यावरच्या लेखात हिजरी ९५६, म्हणजे इसवी सन १५४९ हे साल आणि मुहम्मद बिन हसन रूमी हे ओतणाऱ्याचे नाव आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांहून थोडी जास्त, तोंडाचा आतला व्यास दोन फुटांहून अधिक. तोंडाशी हत्ती गिळणारा सिंह कोरलेला. धातू म्हणजे सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील, घंटा ओततात तशा जातीचा. ही तोफ पुढे परांड्याला गेली आणि तिथून १६३२ साली विजापूरला. एवढा रस एका वेळी वितळवून साच्यात सोडणाऱ्या शहरात भट्ट्या, मुशी आणि भाते होते, ओतारी होते. त्यामुळे नाणी वितळवणे नगरला अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

तरी प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोने १०६४ ला, तांबे १०८५ ला. शेगडी इथे उपयोगाची नाही. सोनाराची मूस किंवा ओताऱ्याची भट्टीच लागणार. जडपणा पाहिला तर चांदी शिशाच्या सर्वांत जवळ. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, चांदी १०.५ पट, तांबे ८.९ पट. सोने १९.३ पट, म्हणजे त्याच साच्यातली सोन्याची गोळी शिशाच्या पावणेदोनपट जड भरेल आणि तेवढाच जास्त ताण नळीवर येईल. खजिन्यातून गोळ्या करायच्याच तर रुप्याच्या गोळ्या सर्वांत चांगल्या. सोने वाया जाईल आणि बंदूकही धोक्यात येईल. गोष्टीतला तांबे, रुपे, सोने, जवाहीर हा क्रम गोलंदाजाने लावलेला दिसत नाही. तो सराफाचा क्रम आहे, किमतीचा.

मात्र या क्रमातली पहिली पायरी, तांब्याची नाणी, ही कल्पना नाही. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहा दख्खनी फौजांच्या मध्यभागी होता. फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याच्यासमोर लहानमोठ्या ६०० तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या आणि त्यांचा अधिकारी होता चेलेबी रूमीखान. विजयनगरची फौज अगदी जवळ आली, तेव्हा रूमीखानाने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून बार काढले. जवळच्या माऱ्यात पिशवी फुटते आणि नाणी चाळणीतून पडावीत तशी पसरतात. त्यासाठी ओतायचे काही नाही, साचा नको, भट्टी नको. नगरच्या तोफखान्याने ही युक्ती वापरली आणि ती लिहून ठेवणारा फिरिश्ता लहानपणापासून नगरच्या दरबारात वाढलेला होता. १५८९ च्या सुमारास तो विजापूरला गेला.

तालिकोट आणि चांदबीबीचा वेढा यांत जेमतेम ३० वर्षांचे अंतर. वेढ्यातल्या वडीलधाऱ्या गोलंदाजांना ती पिशव्यांची युक्ती माहीत असणारच. माझा तर्क असा की, नगरच्या तोफखान्याची ही खरी आठवण चांदबीबीच्या नावाला येऊन चिकटली आणि लोकांनी तिच्यावर रुपे, सोने आणि जवाहीर यांचे मजले चढवले. तर्क म्हणूनच तो मांडतो. वेढ्यात प्रत्यक्ष नाणी उडवली गेली असतील, तर त्याला हा तर्क बाध आणत नाही. उलट तसे करण्याची परंपरा त्या तोफखान्यात होती, एवढे तो सांगतो.

वेढ्याचा नोंदलेला वृत्तांत गोष्टीपेक्षा कमी रोमांचक नाही. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान नगरपुढे आले. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांची जागा आतल्यांना कळली. चांदबीबीच्या माणसांनी आतून खणत जाऊन दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसऱ्याचे काम चालू असतानाच तो उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. माणसे मागे सरकू लागली, तेव्हा बुरखा घेतलेली, हातात नागवी तलवार असलेली चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतले आणि रातोरात खिंडार पुन्हा चिणले गेले. पुढे १५९६ च्या आरंभी तह झाला. वऱ्हाड मोगलांना गेले, नगर राहिले. या तहामागे केवळ आतल्यांची टंचाई नव्हती. मोगलांच्या छावणीत धान्य कमी होते, सरदारांत बेबनाव होता आणि विजापूरहून सुहेलखानाची कुमक निघाली होती.

यात एक बारकावा आहे. ज्यांनी शत्रूच्या सुरुंगातली दारू काढली, त्यांच्या हाती ती फुकट आली. दारूचा मुख्य घटक सोरा. तो जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या मातीतून काढता येतो. कोळसा कुठेही होतो. वेढ्यातल्या किल्ल्याला बाहेरून आणल्याशिवाय जे मिळत नाही, ते शिसे. गोष्टीत गोळीच का संपते, याचे उत्तर मला इथे सापडते. लोकांनी तपशील फुगवला, पण नेमकी कमतरता विसरली नाही.

हीच कमतरता पुढे मराठी राज्यालाही भोगावी लागली. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि आपल्या बंदुकांना पुरेल एवढे शिसे घेतल्याचे रॉबर्ट ऑर्म लिहितो. तोफांच्या जोडीला शिशाचा वेगळा उल्लेख व्हावा, यातच त्याचे मोल कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, ठरावीक दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा बारीक दंडक आहे. दारू सादळते, तिची काळजी घ्यावी लागते. शिसे सादळत नाही, फक्त ते आधी विकत घेऊन ठेवावे लागते. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६५–६६ च्या सुमारास, ओतूर तर्फेतल्या आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना निघाला. हे ठिकाण आजच्या नगर जिल्ह्याच्या सीमेपासून लांब नाही. गोळे घरी होऊ लागले, पण शिशासाठी बंदराकडेच पाहावे लागे.

मग १८०३ चा ऑगस्ट आला. आर्थर वेलस्लीने ८ तारखेला शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला. त्याच्या शिपायांच्या बंदुका एका मापाच्या होत्या. मापलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेले तयार काडतूस प्रत्येकाच्या कमरेच्या पेटीत होते. दाताने फाडायचे, ओतायचे, ठासायचे. मिनिटाला दोन-तीन बार. ज्याची बंदूक त्याचा साचा, ही रीत त्या एका मापापुढे टिकणारी नव्हती. १८६९ मध्ये खडकीला सरकारी दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणे परवान्याखाली आणले. घरी गोळी ओतण्याची कला आपल्याकडे इथे संपली. आजही काडतुसे बनवायला परवाना लागतो.

अमेरिकेत मात्र ती छंद म्हणून जिवंत आहे. १९३५ साली .३५७ आणि १९५५ साली .४४ मॅग्नम ही जोरकस रिव्हॉल्व्हर काडतुसे निघाली, आणि तिथले हौशी लोक त्यांच्यासाठी आजही घरी शिसे ओततात. वेग वाढला की मऊ शिसे नळीला चिकटते, म्हणून ते कथील आणि अँटिमनी मिसळून कडक करतात, गोळीच्या बुडाला तांब्याची बारीक टोपी बसवतात. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, हे त्यांनाही पळी हातात घेतल्यावरच कळते. शेगडी विजेची झाली, शिशाचा स्वभाव तोच राहिला.

आता पुन्हा त्या खजिन्याकडे पाहू. प्लिनीच्या काळी दख्खन रत्ने देऊन शिसे घेत होते. निजामशाहीत आणि शिवकाळात होन मोजून घेत होते. बंदरावर शिशाची लादी उतरली की तिची किंमत कोणत्या ना कोणत्या खजिन्यातून जात होती. त्या हिशेबाने नगरच्या तटावरून सुटलेली प्रत्येक गोळी नाण्याचीच होती. फक्त नाण्याचे शिसे आधीच झाले होते, दूर बंदरात, व्यापाऱ्याच्या तराजूवर. वेढा पडला, बंदराची वाट बंद झाली, आणि तेवढी एक पायरी गळली. चांदबीबीची गोष्ट सांगणाऱ्यांनी तीच गळलेली पायरी डोळ्यांपुढे उभी केली आहे.