बैलजोडीच्या पेटीपासून निळ्या बटणापर्यंत : भारतीय मतदार मत द्यायला कसा शिकला?

१/ २५ ऑक्टोबर १९५१. हिमाचल प्रदेशातील चिनी तहसील. हिवाळ्यातील बर्फाने वाटा बंद होण्यापूर्वी येथील मतदान उरकणे भाग होते. म्हणून स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीतील पहिली मते येथे पडली. उर्वरित देशातील बहुतेक मतदान १९५२च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाले.

२/ त्या मतदाराच्या हाती एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका होती. तिच्यावर कोणत्याही उमेदवाराचे नाव नव्हते, चिन्ह नव्हते आणि मतदाराने तिच्यावर कसलीही खूण करायची नव्हती. मग मत कुणाला दिले, हे कळणार कसे? या थ्रेडमध्ये मतदानाच्या कृतीचा इतिहास पाहू.

३/ आधी प्रश्नाची व्याप्ती ध्यानात घ्या. ब्रिटिश अमदानीत मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या कुंपणात होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ने ते कुंपण काढून टाकले. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत मिळाले. मतदार झाले सुमारे १७ कोटी ३२ लाख. १९५१च्या जनगणनेनुसार साक्षरता होती अवघी १८ टक्के.

४/ निरक्षरांच्या हाती मत द्यावे काय, हा वाद जुना होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती. अक्षरओळख नसणे म्हणजे समज नसणे नव्हे, असा त्यांचा रोख होता. १९५०मध्ये तत्त्व मान्य झाले. ते व्यवहारात उतरवण्याचे काम पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यावर येऊन पडले.

५/ उत्तर साधे होते : मतदाराला वाचायला लावायचे नाही, ओळखायला लावायचे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि प्रत्येक पेटीवर त्याचे चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. घरात, शेतात, रानात रोज दिसणाऱ्या वस्तूच येथे अक्षरांच्या जागी आल्या.

६/ मतदार पडद्याआड जाई. समोर पेट्यांची रांग. हव्या त्या चिन्हाच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकली की मत झाले. मत कागदावर नव्हतेच, ते पेटीत होते. पेटीचे चिन्ह कुणी पुढे बदलू नये म्हणून ते आतूनही चिकटवलेले असे.

७/ या पद्धतीची किंमत लोखंडात मोजावी लागली. देशभरात सुमारे २० लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च वाढत होता, म्हणून कडी आतच बसवण्याची युक्ती योजली गेली. मतपत्रिका छापल्या गेल्या नाशिकच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमध्ये.

८/ आणि बोटावरची शाई. छायाचित्र असलेले ओळखपत्र तेव्हा कुणापाशी असणार? एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये, यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी सहज न पुसली जाणारी शाई सिद्ध केली. सर्वांच्या बोटावर तीच खूण, मग तो जमीनदार असो वा त्याचा सालगडी.

९/ परंतु पडद्याआड पोहोचण्याआधी एक उंबरठा होता : मतदार यादी. येथे एक वेगळाच पेच उभा राहिला. यादी करणारे कर्मचारी दारोदार फिरले, तेव्हा लक्षावधी स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. नोंदी झाल्या ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशा.

१०/ आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेण्याची रीत होती. तिकडे तर परक्या पुरुषाला स्वतःचेच नाव सांगणे निषिद्ध मानले जाई. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांत हे प्रमाण विशेष होते.

११/ सेन यांनी कठोर निर्णय घेतला. मत व्यक्तीचे असते, नात्याचे नव्हे. म्हणून नाव हवेच. नाव सांगण्यासाठी पुन्हा संधी दिली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी शेवटी यादीतून वगळाव्या लागल्या. या निर्णयावर गदारोळ झाला. सेन यांच्या मते तो गदारोळही हितकारकच होता, कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रूढी त्यामुळेच ढिली पडणार होती.

१२/ हा निर्णय योग्य होता काय? मतदार मंडळी, येथे घाईने निवाडा देऊ नये. ‘अमक्याची आई’ अशी नोंद ठेवली असती, तर तिच्या नावाने कुणीही मत देऊ शकले असते. नोंद वगळल्याने मात्र तिचा हक्क त्या निवडणुकीपुरता तरी गेलाच. चूक रूढीची होती आणि दंड भरला त्या स्त्रियांनी. लोकशाहीच्या पहिल्या पानावरील हा हिशेब विसरता कामा नये.

१३/ मतदानाची पद्धत किती महत्त्वाची, याचे एक उदाहरण मुंबईचे. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात : एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मते दोन. पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. ‘मुंबई उत्तर’ हा असाच मतदारसंघ होता. तेथे राखीव जागेवर बाबासाहेब स्वतः उभे होते.

१४/ काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. त्या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद ठरली होती. बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली, पण निकाल बदलला नाही. द्विसदस्य मतदारसंघ पुढे १९६१च्या कायद्याने रद्द झाले.

१५/ वेगळ्या पेट्यांच्या पद्धतीतही एक छिद्र होते. मतपत्रिका कोरी असल्याने मतदार ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता. मग ती विकता येई आणि एखादा माणूस अशा अनेक पत्रिका एका दमात हव्या त्या पेटीत टाकू शकत होता. शिवाय जितके उमेदवार तितक्या पेट्या, हा भार होताच.

१६/ म्हणून १९६०-६१मध्ये केरळ व ओरिसाच्या मध्यावधी निवडणुकांत नवी पद्धत आजमावली गेली आणि १९६२पासून ती लोकसभेसाठी रूढ झाली. एकच पेटी, एकच मतपत्रिका. तिच्यावर सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे, आणि मतदाराने हव्या त्या चिन्हावर शिक्का मारायचा. दहा वर्षांत मत पेटीवरून कागदावर आले.

१७/ त्या शिक्क्यावरील बाणांची फुलीही विचारपूर्वक ठरवलेली होती. पत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या भागावर उमटे. फुलीतील बाणांची दिशा पाहून मूळ ठसा कोणता आणि उमटलेली सावली कोणती, हे ओळखता येई. एका फुलीमुळे मत बाद होण्यापासून वाचत असे.

१८/ मतदान यंत्र प्रथम १९८२मध्ये केरळातील परवूर येथे ५० केंद्रांवर वापरले गेले. कायद्याचा आधार नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये ते मतदान ग्राह्य धरले नाही. पुढे कायद्यात तरतूद झाली. २००४ची लोकसभा निवडणूक संपूर्णपणे यंत्रांवर झाली. मताची चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट २०१३मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत प्रथम आले आणि २०१९मध्ये देशभर वापरले गेले.

१९/ दरम्यान ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१वरून १८वर आणले. हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे पहिले मत त्या दुरुस्तीचे देणे आहे. यादीत नाव नसेल तर नमुना ६ भरावा. ओळखपत्र हाती असूनही यादीत नाव नसले, तर मत देता येत नाही. १९५२चा तो उंबरठा आजही तेथेच आहे.

२०/ आता केंद्रातील क्रम पाहा. पहिला अधिकारी यादीत तुमचे नाव शोधून ते मोठ्याने वाचतो. दुसरा बोटाला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र तुमच्यासाठी खुले करतो. मग आडोशामागे तुम्ही एकटे. चिन्हासमोरचे निळे बटण दाबा. लाल दिवा लागतो, काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते, लांब आवाज होतो. मत झाले.

२१/ यातील एकही पायरी निरर्थक नाही. चिन्ह आले ते वाचता न येणाऱ्यासाठी, आडोसा आला तो मालकाला व सावकाराला भिणाऱ्यासाठी, शाई आली ती तोतयाला अडवण्यासाठी. आणि नाव मोठ्याने वाचले जाते ते यासाठी, की उपस्थित प्रतिनिधींना हरकत घ्यायची असल्यास घेता यावी.

२२/ पुढच्या वेळी केंद्रावर तुमचे नाव पुकारले जाईल, तेव्हा त्या २८ लाख स्त्रिया आठवाव्यात. त्यांना मत नाकारणारा कोणताही कायदा नव्हता. यादीत लिहायला त्यांचे नाव तेवढे नव्हते. त्यांच्या लेकीबाळींनी पुढे आपली नावे सांगितली, आणि ती यादीत आली.

थ्रेड समाप्त.