क्रिस्प, बेरी आणि दोन मुहूर्त



अमेरिकेतल्या माझ्या भाचीचा प्रश्न साधा होता. तिकडे सफरचंदाचा मोसम आला की शेजारणी ॲपल क्रिस्प करतात. त्यात अंडं नाही, कंदमूळ नाही, मध नाही. मग आजी ‘आपल्यात चालत नाही’ का म्हणतात? आजींचं बोट बटरवर होतं. भाचीचं म्हणणं, तूप चालतं तर बटर का नाही, दोन्ही दुधाचंच ना? असल्या प्रश्नाला ‘नाही म्हणजे नाही’ असं उत्तर दिलं की मुली पुन्हा विचारत नाहीत आणि हळूहळू नियमही सुटतो. म्हणून जरा वाचून काढलं.

क्रिस्प हा फार जुना पदार्थ नाही. फॅनी फार्मर यांचं बोस्टनच्या पाकशाळेचं गाजलेलं पुस्तक १८९६ सालचं, त्यात तो नाही. १९२४ मध्ये इसाबेल एली लॉर्ड यांच्या पुस्तकात त्याची पाककृती छापलेली आहे. त्याआधी ब्राउन बेटी नावाचा एक प्रकार होता. त्यात शिळ्या पावाचा चुरा आणि सफरचंद यांचे थर देऊन भाजत. त्याचा छापील उल्लेख १८६४ पासून सापडतो. पण सणावाराचा मान असे तो पायला.

पाय म्हणजे आपल्या करंजीसारखी पारी, फक्त थाळीभर. पारी खुसखुशीत व्हायची तर मोहन हवं, आणि तिकडे जुन्या काळी ते सर्रास डुकराच्या चरबीचं असे. १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून केलेलं क्रिस्को बाजारात आलं, तरी चरबी संपली नाही. आजही काही तयार पाऱ्यांमध्ये ती असते. तेव्हा परदेशात असाल तर पाकीट वाचल्याशिवाय पाय घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

क्रिस्पला पारीच नाही. पीठ, साखर आणि बटर बोटांनी चोळायचं, शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं, आणि तो भुगा फोडींवर पसरून भट्टीत ठेवायचा. लाटणं नाही, निगुती नाही. इंग्लंडातला क्रंबल याचाच भाऊ, आणि तो दुसऱ्या महायुद्धात घरोघर पोचला असं सांगतात. तिथे ८ जानेवारी १९४० पासून बटर रेशनवर गेलं, माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. एवढ्यात पारी कुठली करणार? गरिबीतून, घाईतून आलेला हा पदार्थ मला त्यामुळेच आवडतो. त्यात लपवालपवी नाही, काय घातलंय ते समोर दिसतं.

आता बटर. आजींचं म्हणणं त्यांच्या मनचं नाही. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात लोणी त्याज्य सांगितलं आहे, कारण ते पुष्कळ जीवांचं उत्पत्तिस्थान आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्य योगशास्त्रात म्हणतात की अंतर्मुहूर्तानंतर त्यात सूक्ष्म जीव होतात. तेराव्या शतकात माळव्यातले पंडित आशाधर सागारधर्मामृतात दोन मुहूर्त सांगतात. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. काळाच्या मापात फरक आहे, पण दोघांचंही लक्ष घड्याळावर आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. दोष काळाशी बांधलेला आहे. ताकावर लोणी आलं की आपल्या आज्या दुसरं काम बाजूला ठेवून ते कढवायला का घेत, ते यातून कळतं. दुकानातलं बटर मात्र कधीचं घुसळलेलं असतं! तिथे आजींचंच बरोबर.

(साय आठ-आठ दिवस फ्रीजमध्ये साठवावी का, हा वेगळा वाद आहे. त्यात आज शिरत नाही.)

भाचीने धाडलेल्या पाककृतीत बटर तसंच नव्हतं, ‘ब्राउन’ केलेलं होतं. म्हणजे काय, तर बटर कढईत वितळवायचं. त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा अंश. पाणी उडेपर्यंत फेस आणि तडतड. आवाज शांत झाला की उष्णता वर चढते, तळाचे कण तांबूस होतात आणि खमंग वास सुटतो. फ्रेंच लोक याला नॉझेट म्हणतात, त्यांच्याकडच्या हेझलनटचं नाव. हा रंग-वास ज्या क्रियेने येतो ती लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली.

ओळखलंत ना? तळाची ती बेरी! आपण तूप कढवतो, तडतड थांबली की विड्याचं पान टाकतो आणि गाळतो. ते गाळत नाहीत, एवढाच फरक. ज्या बेरीत साखर कालवून आपण लहानपणी भांडं खरवडलं, तीच त्यांची मोठी नवलाई.

मग मार्ग सरळ आहे. घरी घुसळून लोणी काढा, लगेच कढवा, बेरी जरा जास्त तांबूस होऊ द्या आणि गाळू नका. अमेरिकेत ताजी क्रीम मिळते, ती मिक्सरमध्ये फिरवली की लोणी सुटतं, आणि तेवढ्यात गॅस पेटलेला असतोच. हे जमत नसेल तर घरच्या तुपात दोन चमचे दूध पावडर मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. वास जवळपास तोच येतो.

बाकी प्रमाण माझं असं: सहा सफरचंदं, सोलून, एकेक फोड नीट शोधून. आपल्याकडची डेलिशियस गोड आणि मऊ असतात, म्हणून लिंबाचा रस हवाच. (ही जातही अमेरिकेचीच. फिलाडेल्फियात जन्मलेले सॅम्युएल स्टोक्स १९०४ मध्ये भारतात आले आणि पुढे त्यांनी सिमल्याजवळच्या कोटगढला तिची झाडं लावली. मागाहून ते सत्यानंद झाले.) वर दालचिनी आणि दोन चमचे साखर. भुग्यासाठी दीड वाटी मर्यादेतलं जाडसर गव्हाचं पीठ, पाऊण वाटी साखर, चिमूटभर मीठ आणि बेरीसकट पाऊण वाटी कोमट तूप. तूप पातळ असतं, बटरसारखं चोळलं जात नाही, म्हणून भुगा दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग मुठीत दाबून फोडा. १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, कडेने रस उकळून वर येईपर्यंत.

दुपारी करायला घ्या, म्हणजे सूर्यास्ताच्या आत गरमच वाढता येईल.