मॅट्रिकची वेस

प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले म्हणजे कोल्हापुरांतल्या चौकाचौकांत मुलामुलींच्या छायाचित्रांचे फलक झळकूं लागतात. छायाचित्राखालीं नांव, नांवाखालीं गुण, आणि त्या सर्वांहून मोठ्या अक्षरांत शिकवणीच्या वर्गाचें नांव! ते पाहून आमच्या वयाचे लोक मान हालवून म्हणतात, ‘आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें.’ आज श्रोत्यांपुढें मला एवढेंच मांडावयाचें आहे कीं, तें होतें. फलक तेवढे नव्हते.

कॉलेजांत शिरूं पाहणाऱ्या सर्वांना एकाच मापानें मोजणारी परीक्षा आपल्याकडे दीडशें वर्षांहून जुनी आहे. तिचें नांव मॅट्रिक्युलेशन. मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट, अशी समजूत पुढें रूढ झाली. पण मूळ लॅटिन शब्दाचा संबंध नोंदवहींत नांव घालण्याशीं आहे. परीक्षा घेई तें विश्वविद्यालय, शाळा नव्हे. हेडमास्तरांचें मत कांहींहि असो, मुंबईचा परीक्षक म्हणेल तें खरें. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली. सबंध इलाख्यांतून सुमारें १३० उमेदवार बसले. उतरले ते पंचवीसहि नव्हते. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

रानडे आपल्या कोल्हापूरचे, असें म्हणण्याचा मोह मला आवरत नाहीं. जन्म निफाडचा खरा. परंतु वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरींत असल्यामुळें त्यांचें मराठी शिक्षण आणि इंग्रजीचे पहिले पाठ येथेंच झाले. पुढें मात्र मुंबई गांठावी लागली. बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला तो १८६३ सालीं; तेव्हां परीक्षेची पहिली तयारी म्हणजे प्रवासाची तयारी.

दुसरी तयारी इंग्रजीची. ज्याला गणित येई पण इंग्रजी येत नसे, त्याला गणितहि येत नाहीं असेंच ठरे. म्हणून पिढ्यान् पिढ्या मुलें तर्खडकरांची भाषांतरमाला घेऊन बसलीं. मराठी वाक्य वाचावें, इंग्रजी लिहावें, खोडावें, पुन्हा लिहावें. संस्कृतासाठीं भांडारकरांचीं दोन पुस्तकें. गंमत पहा, १८५९ चा परीक्षार्थी अवघ्या पांच वर्षांनीं, १८६४ सालीं, संस्कृताचें पहिलें पुस्तक छापतो आणि त्याच्या मागून येणारी सारी रांग तेंच पुस्तक घोकून वेस ओलांडते! हल्लींच्या गाइडांचे पूर्वज कोठें तरी येथेंच आहेत. फरक एवढाच कीं त्या पुस्तकांत भाषा शिकवलेली असे, अपेक्षित प्रश्न नव्हेत.

गोपाळ कृष्ण गोखले कागलाहून कोल्हापुरास शिकावयास आले. वडील वारले तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून कागलास पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्याला पाठवीत. १८८१ सालीं गोपाळराव मॅट्रिक झाले. त्याच्या आदल्याच वर्षीं येथें राजाराम कॉलेज उघडलें होतें. त्यांत त्यांचा कॉलेजचा आरंभ झाला. गोखल्यांचें चरित्र सांगणारे आठ रुपयांवर थांबतात. मला मात्र उरलेल्या सात रुपयांत संसार चालविणारें घर दिसतें. एकाला वेशीपलीकडे न्यावयाचें तर दुसऱ्याला अलीकडेच राहावें लागे.

आणि ज्यांच्या घरीं पंधराहि रुपये येत नव्हते त्यांचें काय? १८९४ सालीं शाहूमहाराजांनीं कारभार हातीं घेतला, तेव्हां दरबारच्या सामान्य कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० ब्राह्मणांकडे होत्या. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती; रात्रीं वाचावयास जागा, दिवा आणि पोटांत भाकरी या गोष्टी सर्वांना एकसारख्या नव्हत्या. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें महाराजांनीं मोकळ्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. पण जागा राखली कीं तीवर बसणारा शिकलेला माणूस लागतो, हें त्यांनीं आधींच ओळखलें होतें. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशीं बोर्डिंगें एकामागून एक निघालीं. त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. दसरा चौकांत यांपैकीं कांहीं आजहि उभीं आहेत. माझ्या मतें मॅट्रिकच्या इतिहासांतील सर्वांत मोठी सुधारणा विश्वविद्यालयानें केलीच नाहीं. ती या बोर्डिंगांच्या स्वयंपाकघरांत झाली.

याच जैन बोर्डिंगांत भाऊराव पाटील राहिले. त्यांना मॅट्रिक होतां आलें नाहीं, आणि १९१९ सालीं त्यांनींच रयत शिक्षण संस्था काढली. हें उदाहरण देऊन परीक्षेंत काय आहे, असें म्हणणारे पालक मला पुष्कळ भेटले. त्यांच्याशीं माझें जमत नाहीं. भाऊराव एक झाले. त्यांच्यासारखे अडलेले दुसरे हजारों होते, त्यांचीं नांवें कोणाला ठाऊक आहेत?

१९४९ सालीं मॅट्रिकची जागा एस. एस. सी. नें घेतली, आणि त्याच वर्षीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. नांव मात्र लोकांच्या तोंडीं मॅट्रिकच राहिलें. मी १९७४ सालीं जुनी अकरावी झालों, तेव्हां आईनें गल्लींत पेढे वाटले ते ‘पोरगा मॅट्रिक झाला’ म्हणूनच. घरच्या अडचणीमुळें कॉलेज मात्र झालें नाहीं. मी मास्तर झालों आणि वेशीच्या अलीकडे उभा राहून चाळीस वर्षें मुलें पलीकडे पोंचवीत राहिलों. आतां शाळेची परीक्षा वेगळी आणि प्रवेशाची वेगळी. वैद्यकीसाठीं ‘नीट’ प्रथम २०१३ सालीं झाली, इंजिनिअरिंगसाठीं सी. ई. टी. आहे. म्हणजे फिरून आपण १८५९ च्याच ठिकाणीं येऊन पोंचलों.

माझ्या शेजारीं भुदरगडाकडचीं दोन मुलें कॉट भाड्यानें घेऊन या परीक्षांचा अभ्यास करतात. परवां वीज गेली म्हणून तीं आमच्या ओट्यावर येऊन बसलीं, तेव्हां मीं गोखल्यांच्या आठ रुपयांची हकीकत सांगितली. धाकटा जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘जेवण धरून का, गुरुजी?’

जेवण धरूनच.