गोळीचे कवच आणि नळीची सफाई

अमेरिकी सैन्याच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलची नळी किती वेळा साफ करावी, याचे उत्तर मला सफाईच्या नियमांत नव्हे, गोळीच्या कवचात सापडते. तांबे-निकेलचे ते कवच घासले जाऊन नळीत धातूच्या गुठळ्या चिकटत आणि नेम ढळे. त्या विरघळवण्यासाठी नळीत अमोनियाचे तीव्र द्रावण ओतत. ते आत वाळले, तर पोलादच खाई. आजारापेक्षा औषध भयंकर! १९२१ मध्ये कवचाला कथिलाचा मुलामा देऊन पाहिला. पुढे त्याच दशकात तांबे-जस्ताचे कवच आले. त्याचा थर पातळ बसे. अमोनिया मागे पडला. गंज मात्र थांबला नाही. तो काडतुसाच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून उरणाऱ्या क्षारामुळे चढे. त्यावर उपाय पाण्याचा, आणि तोही गोळीबाराच्या दिवशीच करावा लागे.