भट्टीतील तापरोधक तंतू : हाताळणी व दक्षता

भट्टीच्या भिंती, छत व दरवाजा यांतून उष्णता वाया जाऊ नये म्हणून आतील बाजूस जे लोकरीसारखे अस्तर चढवितात, त्यातील सिरॅमिक, काच अथवा ॲस्बेस्टॉस यांचे सूक्ष्म तंतू. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण येथील लहानमोठ्या कारखान्यांत गिअर आणि अन्य सुटे भाग कठीण करण्यासाठी हीट ट्रीटमेंटच्या ज्या भट्ट्या चालतात, त्यांच्या दुरुस्तीशी, आणि म्हणून पवना नदीपलीकडील काळेवाडीसारख्या कामगारवस्त्यांतील घरांशी, या विषयाचा निकट संबंध आहे.

कामगारांच्या बोलण्यातील ‘ब्लँकेट’ म्हणजे ॲल्युमिना व सिलिका यांच्या वितळलेल्या रसापासून काढलेले तंतू. नवे असताना ते पांढरेशुभ्र व लवचिक असते. परंतु १,००० अंश सेल्सिअस व त्याहून अधिक तापमानात दीर्घकाळ राहिल्यावर त्यात क्रिस्टोबलाइट ही स्फटिकी सिलिका निर्माण होते, अस्तर ठिसूळ बनते आणि बोट लावताच त्याचा भुगा पडतो. त्यामुळे नवे अस्तर बसविण्यापेक्षा जुने उतरविण्याचे काम अधिक घातक ठरते; पण प्रत्यक्षात तेच काम सर्वांत घाईने उरकले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉस व श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका यांना कर्ककारक, तर सिरॅमिक तंतूंना संभाव्यतः कर्ककारक ठरविले आहे. घरगुती गीझरच्या जुन्या बनावटीत आढळणारे ग्लासवूल या वर्गांत मोडत नाही. तथापि त्यानेही त्वचा, डोळे व घसा यांचा दाह होतो. अंगाला सुटणारी खाज मात्र धोक्याचे माप नव्हे, कारण खाज आणणारा जाड तंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत सहसा पोचत नाही, आणि जो पोचतो तो, तीन मायक्रोमीटरहून बारीक, कातडीला जाणवतही नाही.

भट्टी पूर्ण निवाल्यावर, वीज व गॅस तोडून स्विचला कुलूप घातल्यानंतरच अस्तरावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. ओला झालेला तंतू उडत नाही. तुकडे फाडण्याऐवजी सुरीने कापून, मोठेच्या मोठे उचलून, दुहेरी पिशवीत बांधावेत. तोंडावर बांधलेला रुमाल निरुपयोगी होय. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे बनविलेला आणि चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसणारा मास्क हवा, व दाढी वाढलेली असल्यास तोही पुरेसा ठरत नाही. जमीन झाडूने लोटू नये. पाळी सुटताना एअरच्या नळीने अंगावरचे कपडे झटकण्याची रीत तर तत्काळ बंद व्हावी, कारण खाली बसलेली धूळ तीच पुन्हा श्वासाच्या उंचीवर आणते. जुन्या भट्टीच्या दरवाजाभोवतीची राखाडी दोरी केवळ नजरेने ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत ती ॲस्बेस्टॉसचीच समजावी.

ॲस्बेस्टॉसजन्य व्याधी प्रकट होण्यास वीस ते चाळीस वर्षे लागतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा हुकूम दिला. परंतु साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेकेदाराच्या मुकादमाने अस्तर उतरविण्यासाठी आणलेल्या मजुराचे नाव कोणत्याही दप्तरी चढत नसेल, तर ही तजवीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हयगय होते ती नेमकी येथे.

धोका फाटकाशी संपत नाही. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमा या ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोगाच्या ७६ रुग्णांपैकी ९ जणांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध केवळ घरातील कामगारामुळे आला होता. बहुधा त्याचे कपडे धुण्यामुळे. कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याचा व अंघोळीचा बंदोबस्त करणे ही मालकाची जबाबदारी होय. तो होईपर्यंत ते कपडे न झटकता बंद पिशवीत न्यावेत, पिशवीतच ओले करावेत आणि मुलांच्या कपड्यांपासून निराळे धुवावेत.