कपलिंग तुटलं, की प्रश्नच चुकला?

घरी बनवलेल्या छोट्या वाफेच्या टर्बाइनचं कपलिंग तुटलं, तर तुम्ही काय कराल? मी जे केलं तेच: आणखी जाड, आणखी कडक कपलिंग बसवलं. तेही तुटलं. मग तिसरंही. तेव्हा जुने पेपर उघडले.

१८६९ मध्ये रँकिन यांनी फिरणाऱ्या शाफ्टचं गणित मांडलं. चकतीचा वस्तुमानमध्य अगदी अक्षावर कधीच नसतो, त्यामुळे वेग वाढला की शाफ्ट बाहेर वाकतो. एका ठराविक वेगाला त्याचा ताठपणा अपुरा पडतो. त्यांचा निष्कर्ष असा, की त्यापलीकडे शाफ्ट स्थिर चालूच शकत नाही. म्हणजे उपाय एकच: शाफ्ट ताठ करा.

आता गुस्ताफ द लाव्हाल यांची अडचण बघा. त्यांचं टर्बाइन मिनिटाला ३०,००० फेरे घ्यायचं. मध्य फक्त ०.१ मिलिमीटर सरकलेला धरा. चकतीच्या प्रत्येक किलोमागे साधारण १०० किलो वजनाइतका जोर बेअरिंगवर येतो! त्यांनी उलटाच मार्ग धरला, बारीक लवचीक शाफ्ट वापरला. धोक्याचा वेग ओलांडला की चकती स्वतःच्या वस्तुमानमध्याभोवती फिरू लागते आणि थरथर कमी होते. पार्सन्स यांनीही १८८४ च्या टर्बाइनमध्ये बेअरिंगला थोडं हलू दिलं होतं.

मग रँकिन चुकले कुठे? त्यांच्या समीकरणात कोरिऑलिसचं पद नव्हतं. १८९५ मध्ये फॉपल यांनी त्या वेगापलीकडची स्थिरता दाखवली. तरी इंग्रजी जगात हे पक्कं रुजायला १९१९ चा जेफकॉटचा पेपर लागला. एक पद सुटलं, त्याची किंमत पन्नास वर्षं!

आणि माझं कपलिंग? शाफ्ट मी थंड असताना एका रेषेत आणले होते. टर्बाइनकडचा १०० मिलिमीटर उंचीचा लोखंडी आधार ८० अंशांनी तापला की साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो. कडक कपलिंग मग दर फेऱ्याला वाकतं, आणि थकून तुटतं. आता थंड असताना टर्बाइनकडची बाजू तेवढी खाली ठेवतो, आणि कपलिंग लवचीक.

संशोधनाला बसताना एवढं लक्षात ठेवा: उपाय तीनदा फसला, तर चौथा शोधू नका. आपण गृहीत काय धरलंय, ते आधी कागदावर लिहून काढा.